कोलकाता लीगच्या वरच्या पायरीचा दरवाजा

नोकरीच्या निमित्ताने मी चार वर्षे कोलकात्यात राहिले आणि त्या चार पावसाळ्यांतल्या बहुतेक शनिवारच्या दुपारी मैदानावर जात असे. 'मैदान' हे त्या शहरात विशेषनाम आहे. फोर्ट विल्यमच्या भोवतीची ती अफाट मोकळी हिरवळ लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तिथे कुणालाही पक्की इमारत उभारता येत नाही, आणि म्हणून शंभर वर्षांची परंपरा सांगणाऱ्या क्लबाच्या कचेरीलाही तिथली माणसे 'तांबू', म्हणजे तंबूच म्हणतात. पहिल्याच पावसाळ्यात मी खालच्या डिव्हिजनचा एक सामना पाहिला. सरीने पेनल्टी क्षेत्राची चुन्याची रेघ वाहून गेली होती आणि एक म्हातारा माळी पत्र्याच्या डब्यातून मुठीने चुना टाकत ती पुन्हा आखत होता. तोपर्यंत दोन्ही संघ झाडाखाली उभे राहून बुटांतला चिखल काडीने काढत होते. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या मांडीवर एक वही होती आणि तिच्यात त्यांनी त्या गटाचा गुणतक्ता स्वतःच्या हाताने आखला होता. लाल कपड्यांतल्या संघाला आज बरोबरी पुरे आहे, मग ते वर जातील, असे त्यांनी मला समजावून सांगितले आणि त्यासाठी एक शब्द वापरला: 'ओठा-नामा'. आपल्या भाषेत चढणे-उतरणे.

कोलकाता फुटबॉल लीगचा इतिहास बहुतेक वेळा मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या वैराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो या ओठा-नामाचा, म्हणजे वरच्या पायरीवर कुणाला येऊ द्यायचे आणि कुणाला नाही, याचा इतिहास वाटतो.

ही आशिया खंडातली सर्वांत जुनी फुटबॉल लीग. इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आयएफए, १८९३ मध्ये स्थापन झाली. नावात 'इंडियन' असले तरी ही संस्था आज बंगालचे फुटबॉल चालवते. त्याच वर्षी आयएफए शिल्ड ही बाद पद्धतीची स्पर्धा सुरू झाली आणि १८९८ मध्ये लीग. पहिले विजेतेपद ग्लॉस्टरशायर रेजिमेंटने मिळवले. पुढची कितीतरी वर्षे विजेत्यांच्या यादीत पलटणी तरी दिसतात किंवा कलकत्ता एफसी आणि डलहौसी यांच्यासारखे गोऱ्यांचे क्लब. शिल्डमध्ये भारतीय संघाला अगदी पहिल्या वर्षापासून प्रवेश होता, सोभाबाजार क्लब १८९३ मध्ये खेळला होता. लीगमध्ये मात्र प्रवेश नव्हता. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एखाद्या संघाला बोलावणे म्हणजे एका दिवसाचे आमंत्रण असते, हरला की पाहुणा घरी जातो. लीगमध्ये घेणे म्हणजे त्याला हंगामभर आपल्या बरोबरीने बसवणे, त्याच्या मैदानावर जाऊन खेळणे आणि पुढच्या वर्षीही त्याची जागा मान्य करणे. ते द्यायची तयारी नव्हती.

२९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. कर्णधार शिबदास भादुरी यांनी बरोबरी साधून दिली, अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला, आणि त्या अकरा जणांपैकी दहा जण अनवाणी खेळले. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. पण तो विजय मिळवताना मोहन बागान लीगच्या कुठल्याही डिव्हिजनमध्ये नव्हता, ही गोष्ट मला कोलकात्यात जाईपर्यंत माहीत नव्हती आणि कळल्यावर मी अक्षरशः थांबून विचार करत राहिले. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या चषकाचा मानकरी संघ लीगच्या शिडीवर उभाच नव्हता. त्याला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जागा मिळाली ती १९१४ मध्ये, आर्यन क्लबाच्या बरोबरीने, आणि १९१५ मध्ये तो पहिल्या डिव्हिजनमध्ये आला. दरवाजा उघडला, पण किलकिलाच, कारण पहिल्या डिव्हिजनमध्ये एका वेळी दोनच भारतीय संघ असतील असा दंडक होता.

या दंडकाला पहिला धक्का दिला तो ईस्ट बंगालने. हा क्लबही एका अपमानातून जन्मला. जुलै १९२० मध्ये मोहन बागानविरुद्धच्या सामन्यासाठी जोडाबागान क्लबाने शैलेश बोस या खेळाडूला संघाबाहेर ठेवले, त्या निषेधार्थ क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि १ ऑगस्ट रोजी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पूर्व बंगालच्या लोकांचा नवा क्लब काढला. १९२४ च्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कॅमेरॉन हायलँडर्सचा 'ब' संघ अव्वल राहिला. त्यांचा 'अ' संघ आधीच पहिल्या डिव्हिजनमध्ये होता आणि एकाच पलटणीचे दोन संघ एका डिव्हिजनमध्ये खेळू शकत नव्हते, म्हणून बढतीचा हक्क त्यांच्या मागोमाग असलेल्या ईस्ट बंगालकडे आला. पण वर मोहन बागान आणि आर्यन हे दोन भारतीय संघ आधीच होते, म्हणजे कोटा भरलेला. प्रश्न आयएफएच्या बैठकीत गेला, दोनचा दंडक मोडला गेला आणि १९२५ च्या हंगामात ईस्ट बंगाल वर आला. त्या बैठकीत गोऱ्या क्लबांनी बाजूने कौल दिला आणि विरोध केला तो आत बसलेल्या दोन भारतीय क्लबांनी, असे ईस्ट बंगालची जुनी माणसे आजही सांगतात. सांगताना त्यांचा आवाज असा चढतो, की बैठक गेल्या आठवड्यात झाली असावी. २८ मे १९२५ रोजी मोहन बागानशी लीगमधल्या पहिल्याच गाठीत नेपाळ चक्रवर्ती यांच्या गोलवर ईस्ट बंगाल १-० असा जिंकला.

वर येता आले तरी लीग जिंकणे ही फार पुढची गोष्ट होती आणि त्याचे कारण पुष्कळसे पावसात होते. कोलकात्याचा फुटबॉल हंगाम पावसाळ्याचा. कोरड्या जमिनीवर अनवाणी खेळाडूची चपळाई बुटांना भारी पडायची, पण जून-जुलैच्या चिखलात त्याच पायांना पकड मिळत नसे आणि बुटवाल्या पलटणी गुण गोळा करत पुढे निघून जात. शिल्डला चार-पाच चांगले दिवस पुरत, लीगला सगळा पावसाळा निभवावा लागे. हे कोडे सोडवले मोहम्मेडन स्पोर्टिंगने. त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून खेळाडू आणले, ओल्या मैदानासाठी बुटांची सवय लावली, १९३३ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधून बढती मिळवली आणि १९३४ मध्ये, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात, लीग जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. तेव्हापासून १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्यांनी विजेतेपद सोडले नाही. मोहन बागानचे पहिले लीग विजेतेपद १९३९ चे आणि ईस्ट बंगालचे १९४२ चे. चढण्याची वाट मोकळी असली की खालून येणारा संघ किती वेगाने वरच्या सगळ्यांना मागे टाकू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मला भारतीय खेळात दुसरे दिसत नाही.

विजेत्यांच्या यादीत १९३० आणि १९४७ या वर्षांपुढे नाव नाही. पहिल्या वेळी सविनय कायदेभंग आणि दुसऱ्या वेळी दंगली.

स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या, गोऱ्यांच्या क्लबांचे दिवस सरले आणि त्यांची जागा कचेऱ्यांच्या संघांनी घेतली: ईस्टर्न रेल्वे, बीएनआर (बंगाल नागपूर रेल्वे), कस्टम्स, पोर्ट ट्रस्ट, पोलीस. खेळाडूला पगाराची नोकरी आणि कचेरीला संघ, अशी ती व्यवस्था होती. पी. के. बॅनर्जी यांनी १९५४ मध्ये आर्यनकडून सुरुवात केली, मग ते ईस्टर्न रेल्वेत गेले आणि तिथेच राहिले. भारताचा इतका मोठा खेळाडू मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन या तिन्ही बड्या क्लबांपैकी एकाकडूनही खेळला नाही, आणि तरीही १९५८ मध्ये त्याच्या रेल्वेने लीग जिंकली. त्यानंतर मात्र वरची पायरी तिघांनीच वाटून घेतली. ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ अशी सलग सहा आणि पुढे २०१० ते २०१७ अशी सलग आठ विजेतेपदे मिळवली. तिघांबाहेरचा विजेता पुन्हा दिसायला २०१९ उजाडावे लागले. त्या वर्षी पीअरलेस क्लब जिंकला, म्हणजे तब्बल ६१ वर्षांनी. तो निकालही पावसातच ठरला, कारण अखेरच्या दिवशी ईस्ट बंगालच्या मैदानात पाणी साचून त्यांचा सामना होऊच शकला नाही.

याच लीगमधल्या एका सामन्याची आठवण इथे टाळता येणार नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण गेले. त्या तारखेला बंगालमध्ये आजही रक्तदान शिबिरे होतात. मी तिथे असताना एकदा रक्त देऊन आले. शेजारच्या खाटेवर एक जण मोहन बागानच्या हिरव्या-मरून आणि पलीकडे एक जण ईस्ट बंगालच्या लाल-सोनेरी जर्सीत पडून होता.

आजची रचना अशी आहे: सर्वांत वर प्रीमियर डिव्हिजन, तिच्याखाली पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आणि तळाला पाचवी डिव्हिजन. पाचवीत संघ इतके, की तिचेही गट पाडावे लागतात. आयएसएल, म्हणजे देशपातळीवरच्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारे बडे क्लब इथे बहुधा आपली तरुण फळी उतरवतात. २०२३ मध्ये प्रीमियरचे 'अ' आणि 'ब' हे दोन स्तर एकत्र करून २६ संघांची एकच डिव्हिजन केली गेली. तेरा-तेरांचे दोन गट, प्रत्येक गटातले पहिले तीन पुढे आणि मग त्या सहांची सुपर सिक्स, म्हणजे विजेतेपदाची फेरी. परदेशी खेळाडूंना त्याच हंगामापासून जागा राहिली नाही, आणि पुढे प्रत्येक संघात काही बंगाली खेळाडू मैदानात असलेच पाहिजेत असाही नियम आला, ज्यासाठी तिथे 'भूमिपुत्र' हाच शब्द वापरतात.

भूमिपुत्रांच्या नियमाबद्दल माझे मत अनुकूल आहे, कारण या लीगचे आजचे खरे काम पुढचे खेळाडू घडवण्याचे आहे आणि मैदानात उतरल्याशिवाय कुणी घडत नाही. २६ संघांबद्दल मात्र मला शंका वाटते. दोन स्तर एकत्र केले म्हणजे शिडीची एक पायरी काढून टाकली. जो संघ पूर्वी 'ब' मध्ये एकेका गुणासाठी झगडला असता, तो आता तेरा संघांच्या गटात आठवा-नववा आला की त्याच्या हंगामाला अर्थ उरत नाही. वरही जायचे नाही आणि खालीही पडायचे नाही, असे सामने मी पाहिले आहेत. शेवटच्या वीस मिनिटांत चेंडू रेषेबाहेर गेला की तो आणायला कुणी धावत नाही.

त्या खालच्या डिव्हिजनच्या सामन्यात लोक धावत होते. लाल संघाला बरोबरी हवी होती आणि सामना १-१ वर होता. शेवटची दहा मिनिटे पाऊस पुन्हा लागला, माळ्याने आखलेली रेघ पुन्हा नाहीशी झाली, आणि चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आत होता की बाहेर यावरून पंचांभोवती गर्दी झाली. पंचांनी फ्री किक दिली, ती भिंतीवर आदळली आणि शिट्टी वाजली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी छत्री खांद्यावर तोलून वही उघडली, लाल संघाच्या नावापुढे वरच्या दिशेचा एक बाण काढला आणि मग पान उलटून, पुढच्या वर्षाच्या कोऱ्या तक्त्यात, एक डिव्हिजन वर, त्या क्लबाचे नाव लिहून टाकले.