तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी एमजी की नवी?

आमच्या रत्नागिरीच्या अंगणात दोन गाड्या उभ्या असतात. दोन्हींवर एमजी कंपनीचा तोच अष्टकोनी बिल्ला, त्यामुळे येणारा-जाणारा हमखास विचारतो, "यातली चांगली कुठली हो?" एक मामाकडून आलेली 1966 ची एमजीबी, उघड्या टपाची, दोन सीटांची. दुसरी हेक्टर. बिल्ला सोडला तर त्यांचं नातं लांबचंच. एमजीबी बनायची तो इंग्लंडमधला अबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला. एमजी हे नाव हातोहाती फिरत चिनी कंपनीकडे गेलं आणि 2019 मध्ये गुजरातेतल्या हालोलहून एसयूव्ही होऊन आपल्याकडे आलं.

एकच ठेवायची म्हणाल तर हेक्टर. यात वाद नाही. आईला गुडघे न दुमडता आत बसता येतं, मागे आंब्याच्या पेट्या मावतात, एअरबॅग आहेत, एबीएस आहे. एमजीबीत यातलं काही म्हणजे काही नाही. महामार्गावर चिऱ्याचा ट्रक शेजारी आला की त्याच्या चाकाचे नट आपल्या कानाशी फिरत असतात! पावसाळ्यात तर ती ताडपत्रीखालीच बरी.

पण गंमत कशात, असं विचारत असाल तर आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याला चला. रस्ता जेमतेम दीड गाडीचा. हेक्टरची रुंदी 1835 मिलिमीटर. समोरून एसटी आली की हेक्टरची डावी चाकं लाल मातीत उतरतात. जुनी 1520 च्या आसपास, ती डांबर सोडत नाही. वेग दोघींचाही चाळीसच. त्या चाळीसला हेक्टर पेंगते, आणि चालवणाराही. एमजीबीचं इंजिन 1798 सीसीचं, ताकद 95 हॉर्सपॉवर, वजन साधारण 920 किलो, आणि आपण जवळजवळ रस्त्यावरच बसलेलो. हिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या चाकांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर दोनदा क्लच दाबून मध्ये रेस द्यावी लागते, नाहीतर खर्रकन आवाज येतो आणि टपरीवरची माणसं वळून बघतात. जमिनीपासून उंची जेमतेम पाच इंच, म्हणून स्पीडब्रेकर तिरकाच घ्यायचा. ओहोटीला जयगडच्या फेरीबोटीवर चढवताना तर सायलेन्सरचा जीव मुठीत.

एमजीबीला कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग, दोन, एसयू जातीचे. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. त्यासाठी मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावतो, दुसरं एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. एकाचा फुसफुसाट बारीक, दुसऱ्याचा जाड असला की स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि पुन्हा ऐकायचं. वरच्या टोप्या काढून तेलाचे चार थेंब सोडले की झालं. हेक्टरच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की मात्र आपण फक्त फोन करायचा आणि गाडीला लॅपटॉप जोडणाऱ्याची वाट बघायची. हल्लीचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल हेक्टर मुकाट पिते. एमजीबीच्या जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलचे पाईप बदलून घ्यावे लागले.

खरा वैरी खारा वारा. हल्ली बऱ्याच गाड्यांना जस्त चढवलेला पत्रा असतो, तो दम धरतो. एमजीबीला टप नाही, त्यामुळे बॉडीचा भार दारांखालच्या पोकळ पट्टीवर, म्हणजे सिलवर. ती आतून गंजते आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो.

तेव्हा किनाऱ्याकडची जुनी गाडी कुणी गळ्यात मारत असेल तर रंगावर जाऊ नका. सिलवरून लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली समजा. मग जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून बघा. नीट उघडझाप झाली तर किमतीचं बोला. अडकलं तर सिल खचलीय समजा आणि नमस्कार करून निघा, मालक कितीही गोड बोलत असला तरी.