बिटनच्या रुळांवर पाचरी ठोकताना

माझे बाबा विदर्भातल्या शकुंतला या अरुंद रुळांच्या रेल्वेवर गँगमन होते, म्हणजे रुळांची देखभाल करणारे. त्यामुळे रुळावर हातोडा पडल्याचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. तो आवाज मला इंग्लंडमध्ये, सायकल पंक्चर झालेली असताना ऐकू आला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मी ब्रिस्टलच्या फिशपॉण्ड्स भागात राहतो आणि ऑफिस बाथला आहे. पहिलं वर्ष बसने काढलं. मग एका सहकाऱ्याने सांगितलं की तुझ्या घरामागूनच जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट जाते, थेट बाथपर्यंत. सेकंडहँड सायकल घेतली आणि एका शनिवारी निघालो. निघाल्यावर थोड्याच वेळात स्टेपल हिलचा बोगदा लागला, 471 मीटर लांब, आत दिव्यांची रांग आणि छतातून टपकणारं पाणी. पुढे मँगोट्सफील्ड स्टेशनचे पडके फलाट, मग वॉर्मली, मग मोकळी शेतं. दोन शहरांमधली ही वाट 21 किलोमीटरची आहे आणि मोठा चढ असा लागतच नाही. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून तिच्यासाठी कुठे टेकडी कापलेली, कुठे भराव घातलेला. ते सगळे कष्ट दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी उपसले आणि त्याचं सुख आता माझ्या गुडघ्यांना मिळतं.

हा मार्ग मिडलँड रेल्वेचा, 1869 सालचा. तोट्यातले मार्ग बंद करा असं सांगणाऱ्या 1963 च्या बीचिंग अहवालानंतर इंग्लंडमध्ये शेकडो स्टेशनं बंद झाली, त्या लाटेत 1966 मध्ये इथली प्रवासी गाडी थांबली. बाथच्या गॅस कारखान्यासाठी कोळसा काही वर्षं येत राहिला, मग तोही थांबला आणि 1972 मध्ये रूळ उचलले. त्याच वर्षी काही हौशी मंडळींनी याच मार्गावरचं बिटन गावचं ओसाड स्टेशन भाड्याने घेतलं आणि उचललेल्या जागी परत रूळ टाकायला घेतले. सायकलवाल्यांची गोष्ट याच्या शेजारीच घडली. ब्रिस्टलमध्ये 1977 साली सायकलबॅग नावाचा गट निघाला, पुढे त्याचीच सस्ट्रान्स ही संस्था झाली. त्यांनी 1979 मध्ये बाथपासून बिटनपर्यंतचा तुकडा स्वयंसेवकांच्या हातांनी बांधला. 1986 पर्यंत वाट पूर्ण झाली. म्हणजे एकाच पट्टीवर वेड्या माणसांचे दोन गट फावडी घेऊन उतरले होते, एक रूळ टाकायला आणि दुसरा रुळांच्या जागी वाट करायला. यांची कडाक्याची भांडणं व्हायला हवी होती. पण आज ओल्डलँड कॉमन ते एव्हन रिव्हरसाइड असे साधारण पाच किलोमीटर वाफेचं इंजिन आणि सायकली शेजारी शेजारी धावतात.

हे कसं जमलं ते मला पुढे कळलं, पण त्याची सुरुवात त्या पंक्चरच्या संध्याकाळी झाली. बिटनजवळ मागचं चाक बसलं. ट्यूब बदलत होतो तर कुंपणापलीकडून ठण्, ठण्, ठण्. नारिंगी जाकिटातली चार-पाच माणसं, बहुतेक सत्तरीची, रुळाच्या कडेने चालत लाकडी पाचरी ठोकत होती. मी कुंपणाला टेकून बघत राहिलो. त्यातले एकजण थांबून म्हणाले, मदत हवी का? मी म्हटलं, नको, माझे वडील हेच काम करायचे. त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, कुठे? पंधरा मिनिटं मी त्यांना मूर्तिजापूर आणि अचलपूर समजावून सांगत होतो. निघताना ते म्हणाले, रविवारी ये. तेच पुढे माझे मुकादम झाले. इथे त्यांना वेगळं काही म्हणतात, पण मी मनात मुकादमच म्हणतो.

रविवारी लगेच जाता आलं नाही. आधी व्हिसाची धास्ती. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, कंपनीखेरीज दुसरीकडे राबलेलं चालतं का? सरकारी नियम दोनदा वाचले, आमच्या एचआरलाही विचारलं. बिनपगारी स्वयंसेवेला या व्हिसावर परवानगी आहे. आपल्यातले बरेच जण या भीतीने कुठे जातच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय. नियम स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर थांबू नका. मग सभासद होण्याचा फॉर्म, तब्येतीचं लेखी निवेदन, पोलादी टोकाचे बूट, आणि एक पूर्ण दिवस सुरक्षिततेचं शिक्षण.

त्या दिवशी शिकलेले तीन शब्द माझ्या फार कामाला आले. दोन रुळांमधल्या जागेला इथे फोर-फूट म्हणतात. शेजारी शेजारी दोन मार्ग असतील तर त्यांच्यामधल्या जागेला सिक्स-फूट. आणि रुळांच्या बाहेरच्या कडेची चालायची पट्टी म्हणजे सेस. शिकवणारे गृहस्थ आम्हाला रुळाकडेला घेऊन गेले आणि कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाले, हा आपला सिक्स-फूट.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मिडलँडने हा मार्ग दुपदरी बांधला होता. एक रूळ जाणारा, एक येणारा. त्यातल्या एकाच्या जागी आज गाडी आहे, दुसऱ्याच्या जागी डांबरी वाट आहे, आणि मधल्या सिक्स-फुटात कुंपण आणि झुडपं. पूलसुद्धा दोन रुळांच्या मापाचे. कुणालाच कुणाची जागा घ्यावी लागली नाही. बाथ आणि बिटनच्या मध्ये एव्हन नदी अनेकदा ओलांडावी लागते. ते पूल रेल्वे गेल्यावर भंगारात निघाले असते, तर ना वाट झाली असती, ना गाडीला पुढे कधी सरकता आलं असतं.

काम मात्र जिकिरीचं. इथे जुन्या पद्धतीचा रूळ आहे, वरचं डोकं खालच्यापेक्षा जाड असलेला, तो बिडाच्या खुर्चीत बसवतात आणि बाहेरच्या बाजूने ओकची पाचर ठोकून घट्ट करतात. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि पाचरी निसटू लागतात. म्हणून चालत जायचं, प्रत्येक पाचर बघायची, सैल वाटली की ठोकायची, फुटली असेल तर बदलायची. हातोडा लांब दांड्याचा. पहिल्या दिवशी माझे निम्मे घाव लोखंडावर बसले आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना हात थरथरत होता. मुकादम एवढंच म्हणाले, जोर लावू नकोस, हातोड्याच्या वजनाला काम करू दे. हे वाक्य मी बाबांच्या तोंडून शब्दशः ऐकलेलं होतं.

चुकलोसुद्धा. एकदा पाऊस पडून गेल्यावर रुळाच्या माथ्यावर पाय ठेवला. ते अजिबात करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पाय सटकला, खडीवर कोपर फुटलं. मुकादमांनी सगळ्यांचं काम थांबवलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, नियम काय आहे? मी सांगितला. मग चहा. इंजिनाने शिट्टी दिली की काम सोडून बाजूला उभं राहायचं आणि ड्रायव्हरला हात वर करून दाखवायचं, हे आता अंगवळणी पडलंय.

दुसरी चूक अधिक खोल गेली. हिवाळ्यात, पाखरांची घरटी नसतात तेव्हा, सिक्स-फुटातली झुडपं छाटतात. त्यात ब्लॅकथॉर्न असतं, आपल्या बाभळीसारखे लांब काटे. एका रविवारी माझ्याकडे वाटेच्या बाजूची झाडलोट होती. साडेचारला अंधार पडला आणि मी शेवटचा तुकडा उद्यावर टाकला. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना त्याच जागी एक बाई सायकल उलटी करून बसली होती, पलीकडे शाळेच्या गणवेशातला मुलगा. दोघांची चाकं गेलेली. ती चिडून म्हणाली, या रेल्वेवाल्यांना सायकलवाल्यांची काही पडलेली नाही. मी सांगितलं की रेल्वेवाला मीच आहे आणि चूक माझी आहे. मुलाच्या टायरमधला काटा चिमट्याने काढला, दोघांची पंक्चर काढली आणि ऑफिसला तासभर उशिरा पोचलो. संध्याकाळी परत येताना झाडू घेऊन थांबलो. त्यानंतर झाडलोट झाल्याशिवाय मी अवजारं आत ठेवत नाही.

त्या बाईचा राग मी विसरलेलो नाही, कारण दोन्ही बाजूंचा माणूस त्या दिवशी मीच होतो. पट्टी एक असली की सगळंच एक असतं. नाली तुंबली तर पाणी रुळाखाली मुरतं आणि वाटेवरही साचतं. छाटणी झाली नाही तर ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही आणि सायकलवाल्याच्या तोंडावर फांदी येते. बिटनच्या स्टेशनात चहाला जितके गाडीचे प्रवासी थांबतात तितकेच सायकलवालेही थांबलेले मी पाहतो. 2008 मध्ये ब्रिस्टलकडच्या टोकाला या वाटेवरून जलद बस न्यायचा प्रस्ताव आला होता. लोक हजारोंनी विरोधात उभे राहिले आणि तो बारगळला. वाटेवर रोज पाय पडतात म्हणून तिला वाली आहे, आणि तिच्या कडेला गाडीलाही.

हे सगळं मी दर रविवारी फोनवर बाबांना सांगतो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाचर आतून ठोकतेत का भायेरून?" मी म्हटलं, बाहेरून. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोटो पाठव."

गेल्या डिसेंबरात घरी गेलो तेव्हा आम्ही दोघं अंजनगावजवळ शकुंतलेच्या रुळावर गेलो. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, रुळांमधलं अंतर फक्त 762 मिलिमीटर. वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत पोचावा म्हणून किलिक निक्सन कंपनीने बांधलेली लाइन. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत तिच्यावर धावलं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे. आम्ही गेलो तिथे रूळ वेड्या बाभळीत बुडाले होते. बाबा काठीने फांद्या बाजूला सारत चालत होते आणि मी मागून, लहानपणी चालायचो तसा.

मी त्यांना माझी कल्पना सांगितली. रूळ आहेत तिथेच राहू द्यायचे, थोड्या अंतरावर जुनी गाडी सुट्टीच्या दिवशी चालवायची, आणि बाजूने सायकलवाट करायची. शाळेची पोरं आज ट्रकच्या शेजारून सायकली हाकतात. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुलावर काय करशील?"

बरोबर तिथेच बोट ठेवलं. बिटनला दोन रुळांचे पूल होते, इथे सगळं एकाच अरुंद रुळाचं. भरावाचा माथासुद्धा तेवढाच. रूळ ठेवून वाट काढायची तर ती भरावाखालून, रेल्वेच्याच हद्दीतून न्यावी लागेल आणि दर नाल्यावर तिला स्वतःची मोरी लागेल. आमची माती काळी, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर डांबर टिकवणं हेही मोठंच काम आहे. अवघड आहे, पण हद्द शाबूत असेल तर होण्यासारखं आहे. हद्दीत घरं, गोठे, शेतं शिरली की मग काहीच होणार नाही.

आणि बाबांचं स्वतःचं म्हणणं निराळं आहे, ते मला लपवायचं नाही. त्यांना ब्रॉडगेज हवी. इथल्या बहुतेकांना तीच हवी आणि त्यासाठी लोक कितीतरी वर्षं मागणी करताहेत. "सायकल ठीक हाय, पन म्हाताऱ्या मानसाले अकोल्याच्या दवाखान्यात जायाले गाडी पायजे," असं ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि वाद तर नाहीच. ब्रॉडगेज येणार असेल तर ती आधी यावी. पण तिलाही हीच जमीन लागणार, म्हणून तोवर ही पट्टी कुणीतरी वापरत, झाडत, राखत राहायला हवी, असं मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

परतताना त्यांनी वाकून एका स्लीपरजवळची माती बोटांनी बाजूला केली आणि बांधणीवर काठीचं टोक आपटलं. कान देऊन ऐकलं. दोन पावलं पुढे गेले, परत आपटलं. असं करत करत आम्ही फाटकापर्यंत आलो. पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. पाच ठिकाणं त्यांनी मोजली होती, तीन घट्ट आणि दोन सैल. ती दोन कुठली, हे त्यांनी मला मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लावलं.