घाटातला लाल पट्टा

पुण्याभोवतीच्या घाटांत रस्त्यासाठी कापलेला डोंगर जरा थांबून बघा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो. नखाने खरवडला तरी भुगा पडतो. लाव्हाचा एक लोट थंड झाला, त्याचा माथा ऊनपावसात झिजून माती झाला, आणि पुढच्या लोटाने ती भाजून काढली. म्हणजे दोन लोटांमध्ये माती तयार होण्याइतकी उसंत होती! विहिरीत हा पट्टा लागला तर तेवढा भाग बांधून घ्यावा. भिजला की तो ढासळतो. पाणी शोधायचं ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. भेग नसलेल्या कातळात बोअर कोरडी जाते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला.

अशी भेग माणसांचं काय करते, ते आइसलँडमधल्या लाकी नावाच्या भेगेने दाखवलं. जून १७८३ पासून आठ महिने ती धुमसत होती. लाव्हापेक्षा घातक ठरला वायू. त्यातलं फ्लोरिन राखेसोबत गवतावर बसलं, ते खाऊन मेंढ्यांचे दात आणि हाडं वेडीवाकडी वाढली, जनावरं तडफडून मेली. मग दुष्काळ पडला आणि देशातला जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. म्हणून राख पडली की आधी गुरं गोठ्यात घ्यावीत, साठवलेला कोरडा चारा द्यावा आणि पाण्याच्या टाक्या झाकाव्यात. दख्खनचा लाव्हा लाकीच्या हजारो पट होता.