एमआय-१७चे सुटे भाग: पातं, गिअरबॉक्स आणि त्यांची वही

विश्वामित्रीला पूर आला की बडोदेकरांचं लक्ष आभाळाकडे लागतं. हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली की जीव भांड्यात पडतो. पण त्या दिवशी ते उडणार की नाही, हे बरंचसं आधीच गोदामात ठरलेलं असतं.

आपल्याकडची एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरं रशियातल्या कझानची. भारताने २००८ साली ८०चा करार केला, पुढे आकडा १५१वर गेला. कमाल उड्डाण वजन १३,००० किलो, पोटात ४,००० किलो माल. त्यांची व्हीके-२५०० इंजिनं रशियाची. जुन्या एमआय-१७ची टीव्ही३-११७ इंजिनं मात्र युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या कारखान्यातली. म्हणजे एकाच घराण्यातल्या हेलिकॉप्टरांचे भाग आज लढणाऱ्या दोन देशांत वाटले गेलेत. म्हणूनच हवाई दलाच्या चंदीगडमधल्या ३ बेस रिपेअर डेपोसारखी ओव्हरहॉलची (सगळं उघडून दुरुस्तीची) सोय देशातच असणं फार मोलाचं आहे.

भागाचं आयुष्य दोन तऱ्हांनी मोजतात: उड्डाणाचे तास आणि कॅलेंडरची वर्षं. जे आधी संपेल ते खरं. खोक्यातून न काढलेला रबरी होजसुद्धा बाद होतो, कारण रबर पडून पडून कडक होतं. प्रत्येक मोठ्या भागाबरोबर त्याची वही फिरते: नंबर, झालेले तास, कधी आणि का उतरवला. वही हरवली तर चकचकीत गिअरबॉक्सही भंगारात गेला समजा, कारण धातूचा थकवा तडा जाईपर्यंत बाहेरून दिसत नाही.

मुख्य रोटरची (डोक्यावरच्या पंख्याची) पाच पाती जुळवलेल्या संचात येतात. पात्याचा कणा म्हणजे ॲल्युमिनियमची पोकळ नळी, तिच्या मागे २१ कप्पे. नळीत दाबाखाली हवा भरलेली असते आणि मुळाशी पारदर्शक टोपीचा एक सूचक. त्यात लाल पट्टा दिसला की दाब उतरला. नळीला तडा असू शकतो. थेट पातं उतरवायची घाई नको, पण उड्डाणही नाही. आधी व्हॉल्व्ह आणि सीलवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, मग हवा भरून थांबा. किती दाब भरायचा ते त्या वेळच्या तापमानावर, तक्त्याप्रमाणे. दुपारच्या उन्हात अंदाजाने भरलं तर पहाटेच्या गारव्यात लाल पट्टा उगाचच डोकावतो. दाब पुन्हा उतरला आणि गळती सापडली नाही, तर मात्र पातं खाली.

गिअरबॉक्सच्या चुंबकी प्लगवरची (तो तेलातले धातूचे कण पकडतो) बारीक काळी लव पुसून नोंद करायची. चकचकीत कपच्या निघाल्या तर बेअरिंग किंवा दाते सोलले जाताहेत. तेल बदलून वेळ मारून नेण्याचा मोह इथे जिवावर बेततो. हायड्रॉलिक तेल एएमजी-१० लाल असतं, त्यामुळे गळती चटकन दिसते.

नदीच्या वाळूत उतरताना इंजिनाच्या तोंडावरचा धूळरोधक चालू हवाच. तो थोडी शक्ती खातो, पण वाळूने कॉम्प्रेसरची (इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाची) पाती झिजली तर ती शक्ती ओव्हरहॉलशिवाय परत मिळत नाही.

सुटकेच्या विंचचा, म्हणजे केबलने माणसं वर ओढणाऱ्या यंत्राचा, प्रकार आधी बघा. १५० किलो पेलणाऱ्या विंचवर एका खेपेला एकच माणूस. बचाव करणारा आणि वाचवलेला दोघं मिळून सहज मर्यादा ओलांडतात. त्यासाठी ३०० किलोची विंच. तपासताना केबल पूर्ण सोडून सुती कापडातून ओढायची. तार तुटली असेल तिथे कापड अडकतं. आणि मुरगळलेली केबल ठोकून सरळ करायची नाही, बदलायचीच.