हात सगळ्यात शेवटी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असं निमंत्रणपत्रात म्हटलं आहे. इमारतींवर, वसतिगृहावर, बँडवर इतर लिहितीलच. मी घोडेस्वारीच्या सरांवर लिहितो.

रिसाल्यातून निवृत्त होऊन आलेल्या सरांचा एकच हट्ट: हात सगळ्यात शेवटी. चाल आवरायची तर आधी पाठ सरळ ठेवून खोगिरात खोल बसा, पोटऱ्या अलगद मिटा, मग बाहेरच्या लगामावरची बोटं आवळा आणि पावला-दोन पावलांत सैल सोडा. हाच हाफ-हॉल्ट. सगळे चुकतात ते सोडण्यात. मूठ मिटलेलीच राहिली की घोडा बिटवर, म्हणजे तोंडातल्या लगामाच्या दांडीवर, रेलतो. तुम्ही जितकं ओढाल तितका तो जड होतो. पोटऱ्या न लावता नुसता लगाम खेचला तर मान वर जाते, पाठ खोलगट होते, मागचे पाय पोटाखाली येत नाहीत. वेग कमी होतो खरा, पण तोल गेलेला असतो.

एका सकाळी एका मुलाचा घोडा २० मीटरच्या गोलात दर फेरीला पागेच्या फाटकाकडे फुगत होता. मुलगा आतला लगाम ओढत होता. मान आत वळायची, खांदा बाहेर निसटायचा. सरांनी त्याला फाटकापाशी येताच आतला हात चक्क पुढे सोडायला लावला. बाहेरचा लगाम मानेलगत स्थिर, बाहेरचा पाय तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, वीतभर मागे, आतला तंगापाशी. पुढच्याच फेरीला घोडा गोलावर! सर म्हणाले, "खांदा वळवा, मान आपोआप येते." शाबासकी वगैरे नाही.

कँटरचा, म्हणजे दुडकीपुढच्या वेगवान चालीचा, इशारा ते कोपऱ्यातच द्यायला लावत, कारण तिथे घोडा आधीच आत वाकलेला असतो. बाहेरचा पाय मागे, आतला तंगापाशी, आणि स्वार ताठ. पुढे झुकलं की घोडा चुकीच्या पायावर उठतो, नाहीतर नुसती दुडकी वाढवतो.

२०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाने सुवर्ण जिंकलं. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. बातमी वाचताना सर आठवले, आणि पाठोपाठ आपलं आजचं रिंगण. निम्म्या जागेत बसगाड्या उभ्या असतात. तेवढ्या तोकड्या गोलात कच्चा घोडा तोल सांभाळूच शकत नाही. मुलं मग ओढाओढीच शिकतात.

महोत्सवाच्या निधीतून रिंगण पुन्हा आखणार असाल तर पुरतं २० बाय ४० मीटरचं आखा. लांब बाजूची अक्षरं (स्वाराला जागा दाखवणाऱ्या खुणा) कोपऱ्यापासून ६ मीटरवर, मग १४, मग १४. शेवटी ६ उरतात. आणि बसगाड्या दुसरीकडे लावा.