21 दिवसांची सुई

ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप दुखावलेल्या मुलांना दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि ते देण्यास तयार असलेली केंद्रे आमच्या भागात वर्षागणिक कमी होत चालली आहेत. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते, आणि प्रत्येक नव्या घसादुखीनंतर झडप आणखी आखडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी ही सुई कित्येकांना चाळिशीपर्यंत घ्यावी लागते. सरकारी रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात अधिपरिचारिका म्हणून मी ही इंजेक्शने देते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. कुपीतील पावडरीत पाणी घातल्यावर ती जोराने हलवली तर फेस होतो आणि मात्रा चुकते, म्हणून कुपी तळहातांत घोळवावी लागते. औषध दाट ताकासारखे असते. सिरिंजमध्ये भरून ठेवले की खाली बसते आणि ऐन वेळी सुई तुंबते. म्हणून रुग्णाला आधी झोपवावे, जागा अंगठ्याने दाबून धरावी, मगच औषध भरावे आणि दोन-तीन मिनिटे घेत सावकाश सोडावे. घाईने दिलेले इंजेक्शन मूल विसरत नाही आणि पुढच्या खेपेला येत नाही. नव्या मुलींना मी हे पुन्हापुन्हा सांगते, कारण अभ्यासक्रमात याला एक ओळ असते.

त्या दिवशी सोळा वर्षांची एक मुलगी आजीबरोबर एसटीने आली. शाळेतल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत तिचा आजार सापडला होता. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात मायट्रल झडपेचे, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचे, तोंड 0.8 चौरस सेंटिमीटर लिहिलेले होते. निरोगी माणसात ते 4 ते 6 असते. फुग्याने झडप उघडण्यासाठी तिचे नाव यादीत होते. 21 दिवस उलटून गेले होते, कारण जवळच्या आरोग्य केंद्राने 'रिॲक्शन आली तर कोण बघणार' असे म्हणून तिला परत पाठवले होते. या वाक्याची मला चीड आहे, कारण अशा रिॲक्शनवर तातडीने द्यायच्या ॲड्रेनालिनची कुपी त्यांच्याही ट्रेमध्ये असते. अर्थात, काही घडलेच तर जमावापुढे त्या एकट्या सिस्टरलाच उभे राहावे लागते, हेही खरे.

नाडी 118 लागली. जिना चढून आली असेल म्हणून मी तिला बसवून ठेवले आणि काही वेळाने पुन्हा मोजली. ती उतरली नव्हती. श्वास मिनिटाला 28, ऑक्सिजन 92. हृदय तुंबले की आडवे पडल्यावर धाप लागते, म्हणून झोपताना किती उशा लागतात, असा प्रश्न पुस्तकात असतो, पण ज्या घरात उशाच नाहीत तिथे त्याचे उत्तर नेहमी 'एक' किंवा 'नाही' असेच मिळते. म्हणून मी आजींना विचारले, की पोर रात्री आडवी पडते का. त्या म्हणाल्या, "पडतीय कुठं? भिताडाला टेकून बसती रातभर." हे अहवालात कुठेच नव्हते.

कातडीवरची चाचणी ठीक होती. निवासी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, टेस्ट निगेटिव्ह आहे ना? मग देऊन टाका की, लांबून आलेत." मुलगा हुशार आहे, पण रांग संपवण्याच्या घाईत होता. त्या चाचणीतून ॲलर्जीचा अंदाज येतो. अरुंद झडपेमागे तुंबलेले हृदय वेदना आणि भीतीचा धक्का सोसेल का, हे तिच्यातून कळत नाही. नाडी आणखी वाढली तर झडपेतून रक्त पुढे सरकायला वेळ उरत नाही आणि ते फुप्फुसात साचते. एकदम मंदावून रक्तदाब कोसळला तरी असे हृदय सावरत नाही. पेनिसिलीनच्या रिॲक्शनचे म्हणून नोंदवलेले काही मृत्यू असे असावेत, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये सांगितले, आणि गंभीर झडपविकारात लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी गोळ्यांचा विचार करण्याचा सल्ला दिला. मी औषध भरले नाही आणि वरिष्ठांना बोलावले. त्यांनी छाती तपासून तिला लगेच दाखल करून घेतले, लघवी वाढवणारे इंजेक्शन आणि नाडी आवरणारी गोळी सुरू केली, आणि पेनिसिलीनच्या गोळ्या दिवसातून दोनदा लिहिल्या. त्या आमच्या औषध भांडारात नव्हत्या. आजींच्या पिशवीतले पैसे मोजून बाहेरून आणाव्या लागल्या.

आजी मात्र माझ्यावर चिडल्या. "तिथली शिस्टर बी नाय म्हनली, तुमी बी नाय म्हनता. मंग सुई द्यायची तरी कुनी?" केंद्रातला नकार भीतीपोटी होता आणि माझ्या नकारामागे मोजलेली नाडी होती, हे मी त्यांना समजावले, तरीही त्यांच्या बाजूने पाहिले तर दोन्ही नकारांचा अर्थ एकच होता. शिवाय गोळ्यांचा भरवसा सुईइतका नाही. सुई टोचली की तीन आठवड्यांची खात्री असते. गोळी रोज कोणीतरी आठवणीने द्यावी लागते, आणि या घरातली मोठी माणसे सहा महिने ऊसतोडीला जातात.

दाखल असतानाच फुग्याची प्रक्रिया झाली आणि झडपेचे तोंड 1.7 पर्यंत उघडले. मुलगी आडवी झोपू लागली. त्यानंतर वरिष्ठांनी इंजेक्शन पुन्हा सुरू केले. पहिले मीच दिले. घरी जाताना तिच्या कार्डावर मी मराठीत लिहून दिले: पोटभर जेवून, पाणी पिऊन यावे, झोपवून द्यावे, नंतर अर्धा तास थांबवावे, धाप असेल तर न देता पाठवावे. केंद्रातल्या सिस्टरशी फोनवरही बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मॅडम, हे तुमच्या सरांच्या सहीने लेखी मिळेल का?" सहीचे पत्र पाठवले आहे. पुढच्या तारखेला मात्र आजी एका दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा आमच्याच रांगेत उभ्या होत्या, कारण केंद्रात इंजेक्शनचा साठा संपला होता.