पायडल धरा, क्रँक फिरवा : चिखलीच्या सायकलची पुढची नोंद

प्रयाग चिखलीहून आलेल्या जुन्या सायकलचे गंजून अडकलेले दोन्ही पायडल अखेर निघाले. आटे शाबूत आहेत, क्रँकला (पायडल ज्यात बसतो तो लोखंडी हात) चीर नाही, जुनेच क्रँक परत बसणार. हे काम लांबत गेलं होतं आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांची सायकल इथंच अडून पडते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सायकलची ओळख. २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, काळा रंग, पुढचा बिल्ला गायब. प्रयाग चिखलीच्या एका घरातली. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत ती गोठ्यात पाण्याखाली होती. पुराचं पाणी ओसरतं, पण सोबत आणलेला गाळ आट्यांच्या फटीत बसून राहतो, ओल धरतो आणि आतून गंज चढत जातो. बाहेरचा गंज ब्रशनं निघाला. पायडल मात्र क्रँकशी एकजीव झाल्यासारखे होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिशा. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. म्हणजे सायकलच्या डाव्या अंगाला उभं राहून बघितलं तर डावा पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सुटतो. हे पाठ असलं तरी सायकल उलटी करून ठेवली की भल्याभल्यांचा गोंधळ होतो. मी एकच खूण धरतो: सायकल सरळ उभी, पाना पायडलच्या दांडीवर (पायडल जिच्याभोवती फिरतो आणि जी आट्यांनी क्रँकमध्ये बसते ती) वरच्या बाजूला उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडं ओढायचा. डावा असो की उजवा, सुटण्याची दिशा तीच. आतल्या बाजूनं ॲलन की लावत असाल तरी हेच.

उलटे आटे का, हेही सांगतो, कारण ते कळलं की दिशा विसरत नाही. पायडल मारताना पायाचा दाब दांडीभोवती सतत फिरत असतो. आट्यांमध्ये केसाएवढी का होईना ढिलाई असते, त्यामुळं दांडी आपल्या भोकात हळूहळू घरंगळते, आणि घरंगळते ती क्रँकच्या फिरण्याच्याच दिशेला. डाव्या बाजूला साधे आटे ठेवले असते तर ती चालता चालता सुटून आली असती. उलट्या आट्यांमुळं दोन्हीकडचे पायडल आपोआप आवळत राहतात. वर्षानुवर्षं चाललेल्या सायकलचा पायडल, कुणी जोर लावून बसवला नसला तरी, एवढा घट्ट का असतो त्याचं हे कारण.

या सायकलच्या डाव्या दांडीवर भिंग धरून बघितलं. पाना बसतो त्या चपट्या जागेचे कोपरे एकाच बाजूनं चेपलेले होते, आणि ती बाजू आवळण्याची. कुणीतरी कधीतरी सोडवायचं म्हणून उलट आवळलेला! जुनी सायकल हातात घेतल्यावर या खुणा जरूर वाचा. आपल्याआधी तिच्यावर काय झालंय ते तिथं स्पष्ट दिसतं.

तेलाबद्दल थोडक्यात: गंज सोडवणारा स्प्रे, किंवा डिझेलमध्ये थोडं ऑइल. क्रँक आडवा ठेवून दोन्ही तोंडांना सोडायचं, अधूनमधून हातोडीनं हलके ठोके द्यायचे आणि रात्रभर मुरू द्यायचं. नुसत्या तेलावर हा पायडल निघेल अशी आशा मला नव्हतीच.

गाडीवरच सोडवायचा असेल तर क्रँक पुढं आडवा करा आणि पान्याचा दांडा क्रँकवरून मागं, बीबीकडं (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस फ्रेममध्ये फिरतो ती जागा) येईल असा लावा. मग पाना खाली दाबायचा. दांडा क्रँकच्या जवळपास लांबीचा असेल तर क्रँक फारसा फिरू बघत नाही, सगळा जोर आट्यांवर जातो. बहुतेक पायडलना १५ नंबरचा पाना लागतो, पण नेहमीचा पाना जाड असल्यानं फटीत शिरत नाही. मी एक पाना ग्राइंडरवर घासून पातळ करून घेतला. उजवा जरासा हलल्यासारखा वाटला. डाव्यावर पाना घसरायला लागला, तेव्हा थांबलो.

मग सायकलच घेऊन उद्यमनगर गाठलं. कोल्हापुरात राहण्याचा हा मोठा फायदा. ऑइल इंजिन आणि कास्टिंगवर वाढलेल्या त्या वस्तीत लेथ, वाइस आणि अनुभवी हात हाकेच्या अंतरावर मिळतात. तिथल्या मामांनी क्रँक हातात घेऊन एकच वाक्य सांगितलं, "जोर कशाला लावतोस गड्या? पायडल धर आणि क्रँक फिरीव."

सगळं काम त्या एका वाक्यात आहे. पाना चपट्या जागेवर दोन कोपऱ्यांपुरताच धरतो, म्हणून कोपरे मरतात. वाइसचे जबडे तीच जागा पूर्ण अंगानं दाबून धरतात. पाना हलतो, वाइस हलत नाही. मग क्रँक हाच नट समजायचा आणि तोच पान्यासारखा फिरवायचा.

त्यासाठी कॉटर (क्रँक आसावर घट्ट धरणारी पाचर) काढून दोन्ही क्रँक गाडीवरून उतरवले. कॉटरचा नट पूर्ण काढू नका, टोकाशी समपातळीत आणून मगच ठोका, नाहीतर कॉटरचे आटे चेपतात. क्रँकखाली भक्कम टेकू हवा, म्हणजे ठोका बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर जात नाही. पायडल खोलले: रबर, बाजूच्या पट्ट्या, टोपी, नट, वॉशर, कोन, छर्रे. उरली नुसती दांडी. ती वाइसमध्ये उभी धरली, क्रँक वर. वरून बघताना उजवा क्रँक घड्याळाच्या उलट फिरवायचा, डावा सुलट. उजवा चेनव्हीलला (चेन बसते त्या दातेरी चक्राला) धरून, हातमोजे घालून फिरवला आणि सुटला.

डाव्याला आच द्यावी लागली. तेल पुसून कोरडं केलं, कारण स्प्रे पेट घेतो. ज्योत दांडीवर नको, फक्त क्रँकच्या डोळ्याभोवती (दांडी बसते त्या भोकाभोवती) फिरती ठेवायची. क्रँक आधी तापून किंचित फुलतो, दांडी मागं राहते. तापलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवली तसं मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. निवू दिलं, क्रँकवर रुंद पाइप चढवला आणि दोन्ही हातांनी ओढला. "टक्" असा कोरडा आवाज झाला. त्यानंतर तो हातानं फिरला, आट्यांतून विटकरी भुकटी सांडत. क्रोमवर निळसर झाक आली आहे, ती मला चालेल.

ज्यांचे क्रँक ॲल्युमिनियमचे आहेत त्यांनी ज्योत लावू नका, उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. १४.३ मिलिमीटरच्या भोकात १०० अंशांना हा फरक जेमतेम दीड शतांश मिलिमीटर, पण दोन धातूंमध्ये जमलेला क्षार तुटायला तेवढा पुरतो.

आटे साफ करायला डावा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार, उलट्या आट्यांचं) हवा होता: ९/१६ इंच, इंचाला २० आटे. तो सहज मिळत नाही. भंगारातली एक डावी दांडी घेतली, तिच्या आट्यांवर ग्राइंडरनं उभी खाच पाडली आणि तीच टॅपसारखी पुढंमागं फिरवली. घाण खाचेत जमते, आटे स्वच्छ होतात. पहिला आटा थोडा चेपलेला होता, तोही सरळ झाला.

नवे पायडल बसवताना ग्रीस भरपूर लावणार आहे आणि पहिले दोन-तीन फेरे हातानंच. आता पाळी बीबीच्या कपची. उजवा कप अजून हललेला नाही. तो कुणी न कापता, फ्रेमला धक्का न लावता काढला असेल तर पद्धत जरूर लिहा.